पावणेदोन तासांचं अंतर

३ नोव्हेंबर
पुन्हा तेच! थोरले दीर दिनेशभाऊजी, बंगळुरूहून फोनवर — "अगं आई, अंतर आहेच कुठे? विमानात बसलं की पावणेदोन तासांत ओझर विमानतळ!" गेलं वर्षभर हे पावणेदोन तास ऐकतेय. मामंजी गेले तेव्हा आले होते, दिवस उरकले आणि परत. त्यानंतर त्यांना नाशिकचं विमान काही सापडलं नाही.

बारा तारखेला मामंजींचं वर्षश्राद्ध. थोरल्यानेच बसायचं असतं, माझा नवरा महेश धाकटा. सासूबाईंचा सगळा जीव त्यात अडकलाय.

५ नोव्हेंबर
आडगावात आमच्या झेंडूच्या वावरावरून विमान खाली येतं. आवाज आला की सासूबाईंची तोडणी थांबते. मान वर. "बंगळुराचं आसंल का गं?" मला काय ठाऊक! दिल्लीचं असलं तरी मी हो म्हणते.

८ नोव्हेंबर
झालं! "मीटिंग आहे गं. महेशलाच बसव ना. मी मनाने तिथेच असेन." मनाला तिकीट लागत नाही, बरं आहे!

अख्ख्या देशातून लोक रामकुंडावर येतात बापाचं करायला. आमचे नाशिककर तेवढे मीटिंगमध्ये. माझी आई मला भेटायला घोटीहून दोन एसट्या बदलून येते, गुडघे धरून. किती तास लागले ते तिने कधी सांगितलं नाही.

सासूबाई जेवल्या नाहीत. मला इतका राग आला की भाकरी करपली.

९ नोव्हेंबर
आज तीन विमानं गेली. एकदाही मान वर नाही.

१० नोव्हेंबर
हायवेवरच्या हॉटेलातून फोन. उद्या कुठल्याशा कंपनीचा कार्यक्रम, सत्काराचे हार हवेत. फोन सासूबाईंनीच घेतला. तो बाबा पाहुण्यांची नावंसुद्धा वाचत बसला, आणि ह्या आपल्या "हां, हां".

मग स्वतःच ओवायला बसल्या. एक हार बाकीच्यांपेक्षा हातभर लांब, गुलाबांनी गच्च!
"अहो, हा एकच एवढा का?"
"आसू दे. मोठा सायेब हाय त्यो."
साहेबांचं कौतुक ह्यांना कधीपासून?

११ नोव्हेंबर
महेश हार पोचवून आला तो पांढराफटक. मला खोलीत ओढलं. "दादा होता तिथे. स्टेजवर बसलेला. सकाळच्या विमानाने आला, आजच परत जातोय, हॉटेलवाला सांगत होता."
"मग? बोललास ना?"
"नाही. दारातूनच फिरलो. मलाच कसंतरी झालं."

वा रे भाऊ! लाज कुणाला वाटायची आणि वाटली कुणाला! बंगळुरू ते ओझर पावणेदोन तास. हॉटेल ते आमचं घर, रिक्षाने दहा मिनिटं. त्यासाठी मात्र विमानाचा शोध लागायचाय अजून!

सासूबाईंना कळू द्यायचं नाही, असं दोघांनी ठरवलं. ह्या वयात त्यांना हे कशाला? बाहेर त्या उद्याचे तांदूळ निवडत होत्या.

१२ नोव्हेंबर
श्राद्ध झालं. महेश बसला. दुपारी भाऊजींचा व्हिडिओ कॉल — "आई, मनाने तिथेच होतो गं मी."

सासूबाईंनी पदराने फोनची काच पुसली. नीट बघितलं त्यांच्याकडे. "काल हार जड नाय ना झाला रं? तुझं नाव ऐकलं, म्हून जरा भरून ओवला व्हता."