मानसरोवराचे फोटो

रविवार, १६ सप्टेंबर २००७, ग्लासगो

आज सुनंदाकडे चहाला गेले. तिच्या नवऱ्याने सहज लॅपटॉप उघडला. "हिचे मानसरोवराचे फोटो पाहिलेस का?" ते निळंशार पाणी, मागे बर्फाचा कैलास आणि पुढे हसणारी सुनंदा. दोघींनी मिळून जायचं म्हणून वर्षभर इथल्या टेकड्या चढलो ना आम्ही? मला म्हणाली होती, आई आजारी आहे, नागपूरला जातेय. आल्यापासून मी विचारतेय, आई कशा आहेत? आणि ती सांगतेय, बऱ्या आहेत!

"तू चढाला दमतेस गं. ग्रुप थांबला नसता," सुनंदा म्हणाली.

दमते मी. पण तसं सांगायचं ना. आईचं आजारपण कशाला? आणि ते पाणी, इतकं निळं...

निघताना म्हणाली, "रविवारी टेकडीवर येतेस ना?"

"येईन की," म्हणाले. जाणार नाहीये.