ताशा आणि बिस्किटांचा डबा

पेझली, ११ मे १९८६

प्रिय मॉर्व्हनताई,
शि. सा. न. वि. वि.

आमचा बँड एकदाचा उभा राहिला! नाव 'रविवारचे बूट'. एफी मासे तळायच्या दुकानातून सुटली की गाते, लाखलन गिटार वाजवतो, मी मागे बडवतो. शुक्रवारी पबमध्ये कार्यक्रम आहे. नवख्यांच्या रेकॉर्डी काढणारा ग्लासगोचा एक दुकानवाला ऐकायला येणार आहे. त्याला आवडलं तर आमची रेकॉर्ड. नाही तर एफी म्हणते, तळण आहेच.

आता रागावू नकोस. माझा ताशा फुटला, म्हणून बाबांच्या बॅगपाइप पथकाचा एक ताशा त्यांच्या सरावाच्या हॉलमधल्या कपाटातून न विचारता आणलाय. फार कडक वाजत होता. वाजवायच्या बाजूचं ताणलेलं पान चांगलं सैल केलं, तेव्हा कुठे एफीच्या गाण्याला शोभला. शनिवारी त्यांची स्पर्धा आहे, त्याआधी जागेवर ठेवीन. बाबांना कळवू नकोस. लोभ आहेच, हे पत्र वाचूनही राहू दे.

तुझा स्ट्रूअन


इन्व्हर्नेस, १३ मे

चि. स्ट्रूअन,
अ. उ. आ.

तुझ्या कानाखाली आवाज काढायला हवा, तोही कडक! बाबांच्या घरात वाढलास आणि पान सैल केलंस? सगळे ताशे एकसारखे बोलावेत म्हणून ते हिवाळ्यापासून रोज थोडं थोडं ताणतात. ते काम एका दिवसात होतं का? ताशेवाल्यांचे म्होरके ते. एक ताशा भदभदला तरी मान त्यांचीच खाली जाणार.

आजच परत ने आणि बाबांना स्वतःच्या तोंडाने सांग. ओरडतील, पण खाणार नाहीत तुला. मी काही कळवणार नाही, ते काम तुझं. एफीला माझी आठवण सांग. तुझ्यासोबत गाते म्हणजे मुलगी धीराची दिसते. शहाणा हो, एवढंच मागणं.

तुझी ताई


ग्लासगो, लाखलनच्या घरून, १७ मे

प्रिय ताई,
नमस्कार.

गुरुवारी ताशा परत नेला. घाईघाईने ताणायला गेलो आणि पान टर्रकन फाटलं. फाटकी बाजू खाली करून कपाटात ठेवला. घरी बाबांनी विचारलं, एवढा घामाघूम का? मी म्हणालो, बस चुकली.

काल बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यावर वाजवलं. आधी लोक हसले. मग एफीने आवाज लावला आणि हसणं थांबलं. दुकानवाला म्हणाला, रेकॉर्ड काढू, पण डबा हवाच. एफी रडली. आत्ता बाबा स्पर्धेच्या मैदानावर असतील. घरी जायची हिंमत नाही, ताई. मी भित्रा आहे. तरी आपला म्हण.

स्ट्रूअन


पेझली, २१ मे

चि. स्ट्रूअन यास आशीर्वाद.

लाखलनचा पत्ता ताईने दिला, बाकी चकार शब्द काढला नाही. ताशा मी शुक्रवारीच पाहिला. असं वेड्यासारखं कोण ताणतं, ते मला कळतं. पथकापुढे तुझं नाव घेणार होतो, पण जीभ वळली नाही. माझ्या हातून फाटलं, असं सांगितलं. एक ताशा कमी घेऊन उतरलो. शेवटून दुसरे आलो.

म्होरकेपण ड्यूगल्डला दिलं. कोणी मागितलं नव्हतं. पण स्पर्धेच्या तोंडावर ज्याच्या हातून पान फाटेल त्याने पुढे उभं राहायचं नाही, हा नियम मीच घातला होता.

पानाचा राग गेला. तू सांगितलं नाहीस त्याचा आहे, आणि काही दिवस राहील. आई रोज तुझं ताट मांडते आणि उचलते.

रविवारी घरी ये. सराव घ्यायचा नाही, म्हणून आता माझे रविवार मोकळे असतात. येताना तो डबा आण. बघू दे, कसा बोलतो.

तुझे बाबा