दार बंद, म्हणजे वास बंद

अहो संदीपचे बाबा,

तुम्हाला जाऊन चार महिने झाले, आणि मी तुमच्याशी बोलणंच टाकलं होतं. रागच होता तेवढा! पण आज लिहिते, कारण मी तुमची चुगली केलीय. म्हटलं, माझ्याच तोंडून कळू दे.

मायक्रोवेव्हची गोष्ट. आठवतंय ना? सौदीत, जुबैलच्या या घरात आलो त्याच वर्षी, मी बाजारात गेलेली बघून तुम्ही त्यात सुके बोंबील भाजलेत. "दार बंद, म्हणजे वास बंद!" काय ते इंजिनीअरचं डोकं! बोंबलांचा कोळसा झाला, मजलाभर वास सुटला. शेजारीपाजारी नाकाला रुमाल लावून आले, तर काय म्हणालात? "हिला मशीनमधलं काय कळतंय!" सातवी शिकलेली बायको बरी सापडली की हो खापर फोडायला! वर मलाच हुकूम, मशीनला हात लावायचा नाही.

अकरा वर्षं मी पोरालाही खरं सांगितलं नाही. एवढं तरी मोजाल का?

परवा तुमची महिन्याची तिथी होती. गावच्या भटजींनी फोनवर सांगितलं, गोडाचं पान ठेवा. तुम्ही जन्मात कधी गोड खाल्लंत? मी बोंबीलच ठेवायचे ठरवले. पण आपल्या सुनेला, मृणालला, तिसरा महिना लागलाय. हो, आजोबा होणार होतात! थोडं थांबला असतात तर काय बिघडलं असतं?

गॅसवर भाजले तर तिला मळमळेल. मग मी काय केलं असेल? दार बंद, म्हणजे वास बंद! हसू नका. इतकी वर्षं तुमच्यासोबत काढली, थोडं डोकं तुमच्यासारखं चालणारच.

संदीप रास अल खैरहून ड्युटी करून आला, तर घरभर जळका वास आणि मृणाल बेसिनवर वाकलेली. भडकलाच.

"खलास, आई! हे मशीन कचऱ्यात टाकतो. आणि तू गावी जा. हिची ही अशी अवस्था, मी दिवसभर कामावर, तुझ्याकडे कोण लक्ष देणार? आधीपण हेच केलं होतंस."

"आधी तुझ्या बापाने केलं होतं," मी म्हटलं. सुटलं तोंडातून! पोरगा तुमच्या फोटोकडे बघतच राहिला.

पण माझ्या गावच्या तिकिटाचं काही सोडेना. अहो, तुम्हाला पेटीतून गावी नेलं तेव्हाच तिथे किती दिवस काढले मी! ओटीवर बसायचं, येईल त्याच्यासमोर डोळे पुसायचे. नाही जमत मला. इकाम्यावर, इथल्या राहण्याच्या परवान्यावर, आधी तुमचं नाव होतं, आता पोराचं आहे, पण हे स्वयंपाकघर माझं आहे. मी सांगितलं, "उद्या संध्याकाळपर्यंत वास गेला तर मी राहणार. नाही गेला तर काढ तिकीट." पैज म्हटली की पोरगा तुमच्यासारखाच, लगेच तयार!

सकाळी आधी व्हिनेगरने पुसलं. कसलं काय! माशाचं लोणचं घातल्यासारखा वास. मग खालच्या बकाल्यातून, त्या किराणा दुकानातून, लिंबं आणली. काचेच्या वाडग्यात पाणी, त्यात पिळलेली लिंबं सालींसकट, आणि पाणी उसळू नये म्हणून लाकडी चमचा. पाच मिनिटं चालवलं आणि दहा मिनिटं दार उघडलंच नाही. आत वाफ धरली, काळं सगळं फडक्याला सुटून आलं. प्लग काढून फिरती ताटली आणि तिच्याखालचं चाकांचं कडं खायच्या सोड्याने घासलं. खरा वास त्या कड्यातच दडला होता, चोर! मग वाटीभर कोरडा सोडा आत ठेवून दुपारभर बंद. शिकलेल्या माणसाला सुचलं होतं का हे?

संध्याकाळी मृणालने दार उघडून डोकंच आत घातलं. आत्ता तिच्याइतकं तिखट नाक अख्ख्या जुबैलात नाही.

"आई..."

"काय गं?"

"लिंबू उरलंय का हो? मीठ लावून द्या ना."

बाई माझी, ओट्याला टेकून अख्खं लिंबू चोखत उभी!

"अगं, पण वास?" संदीप विचारतोय.

"कसला वास? आणि आईंच्या तिकिटाचं परत काढलंस तर तूच जा गावी."

मी दुसरं लिंबू कापलं.

तर आता ऐका. मी कुठेही जात नाही. तुमचा फोटो हॉलमधून काढून मायक्रोवेव्हच्या वर लावलाय. बाळंतपण होईपर्यंत दर तिथीला तुमचे बोंबील गच्चीवर शेगडीत भाजीन, भटजी काही म्हणोत. आणि नातवंड चार घास खायला लागलं की याच मशीनमध्ये भाजीन, आजोबांनी काय केलं होतं ते त्याला सांगत. लिंबं मी आणून ठेवीन. तुम्ही वरून नुसतं बघत बसायचं. हात लावायचा नाही!

तुमचीच,
इथेच राहिलेली कटकट