गल्लीतील एक रहिवासी

९ नोव्हेंबर, रविवार

ती. ताई,

नमस्कार. तुझा गुडघा आता कसा आहे? जिने चढू नकोस असं डॉक्टरांनी बजावलंय, म्हणजे तू गच्चीवर चारदा जाऊन आली असशील. इकडे सगळे बरे. ह्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन नीट झालं. आता त्यांना घरातली सगळी धूळ दिसते आणि ती ते मलाच दाखवतात.

फोनच करणार होते. पण फोनवर तू नेमक्या वेळी "ठेवते गं, दूध उतू जातंय" म्हणतेस. पत्र मध्येच ठेवता येत नाही.

आपली गल्ली पाडणार हे कळल्यापासून मी तिचा इतिहास लिहायला घेतलाय हे तुला सांगितलंच होतं. तू हसली होतीस. "त्या बोळाचा कसला आलाय इतिहास?" आणि मग म्हणालीस, "नको उगाच उकरत बसूस." मला वाटलं, माझ्या दम्याची काळजी करतेयस. जुने कागद, धूळ वगैरे.

शहराचं अभिलेखागार पाणीपुरवठ्याच्या जुन्या कचेरीखाली, तळघरात आहे. दारातच पेन काढून घेतात, आत फक्त पेन्सिल. नकाशे ढकलगाडीवर येतात, लहान बाळं आणावीत तसे सावकाश. पाण्याच्या नळांच्या एका नकाशात आपलं घर सापडलं. आपल्या मोरीत पाणी करंगळीएवढंच का यायचं ते अखेर कळलं. आपण त्या नळाच्या अगदी शेपटाला होतो! बाबा उगाच आयुष्यभर वरच्या मजल्यावरच्यांना शिव्या देत राहिले. मी एकटीच हसत बसले होते तिथे. तुला फोन करून सांगावं असं वाटत होतं.

तेवढ्यात तिथल्या बाई आल्या. फार अगत्याच्या आहेत. म्हणाल्या, "तुमच्या गल्लीबद्दल एक मुलाखतही आहे आमच्याकडे. जुनं मनोरुग्णालय बंद झालं ना, तेव्हा पेशंटांच्या नातेवाइकांच्या आठवणी रेकॉर्ड केल्या होत्या. नाव नाही दिलेलं. 'गल्लीतील एक रहिवासी', एवढंच."

"आमच्या गल्लीतलं कोण होतं हो तिथे?"

"ऐका की," म्हणाल्या आणि कानाला लावायचं यंत्र दिलं.

नाव लपवलंस ताई, पण ते वाक्यावाक्याला येणारं "म्हणजे बघा" कुठे लपवणार होतीस? पहिल्याच मिनिटाला ओळखलं. आणि खरं सांगते, मला आनंद झाला. म्हटलं, बघा, ताई आपल्या आधीच इथे येऊन गेली! तू साबणाच्या कारखान्याच्या वासाबद्दल बोलत होतीस. छान बोलत होतीस.

मग तू म्हणालीस, "माझी आई तिथे पंधरा वर्षं होती."

मी चार वर्षांची असताना आई तापाने गेली, असं मला सांगितलेलं होतं. तेव्हा तू तेराची होतीस. बाबांनी तसं सांगायला लावलं, तू ऐकलंस. त्याचा राग मी तुझ्यावर काढत नाही. माझ्या पाठचं बाळ गेल्यावर आईचं मन ठिकाणावर राहिलं नाही, तिला नेलं, सगळं समजू शकते. तू दर महिन्याला तिला भेटायला जायचीस, तेही एकटीने. ते ऐकताना मला तुझी कीवसुद्धा आली.

पण तो दिवस, ताई.

मी पाचवीत होते. दुपारी कोणी कडी वाजवली, मी दार उघडलं. एक बाई उभी होती. बारीक केस, पायात पुरुषी चपला. तिने विचारलं, "ताई आहे का घरात?" मी तिला पाणी आणून दिलं. ती माझ्याकडे बघतच राहिली. मग म्हणाली, "कितवीत आहेस?" तेवढ्यात तू आतून आलीस आणि तिचा दंड धरून तिला जिन्याखाली घेऊन गेलीस. संध्याकाळी परत आल्यावर म्हणालीस, "पत्ता चुकली होती."

मला ती बाई आठवत होती. का, ते कधी कळलं नव्हतं.

ती बरी झाली होती. डॉक्टरांनी तिला घरी सोडलं होतं. हे तूच सांगतेस त्यात. ती म्हणाली, मी स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात झोपेन, धाकटीला मावशी म्हणून सांगा. आणि तू तिला बसमध्ये बसवून परत तिथेच पोचवून आलीस. "म्हणजे बघा, माझं लग्न ठरलं होतं. तिकडच्यांना आई नाही असंच सांगितलं होतं." तुझा आवाज जराही हलला नाही.

पुढे मी कॉलेजात असताना तू अचानक माहेरी येऊन दोन दिवस नुसती पडून राहिलीस. डोकं दुखतंय म्हणालीस. मी तासन्‌तास तुझं डोकं चेपत बसले होते. आई आदल्या दिवशी गेली होती, हेही त्या मुलाखतीतच कळलं.

मुलाखत घेणाऱ्या मुलीने शेवटी विचारलंय, "बहिणीला सांगितलंत का?" तू हसलीस. "आता काय उपयोग? तिचं बरं चाललंय." त्यालाही बारा वर्षं झाली. बारा वर्षांत आपण किती वेळा एका पलंगावर गप्पा मारत पडलो असू. एका परक्या मुलीला, एका यंत्राला सांगता आलं तुला. मला नाही.

बाईंनी विचारलं, "बरं वाटत नाहीये का?" मी म्हटलं, "आवाज ओळखीचा आहे." पेन्सिल त्यांच्या हातात दिली आणि बाहेर आले.

दुसऱ्या दिवशी पुन्हा गेले. ते सगळं परत एकदा, अथपासून इतिपर्यंत ऐकलं. पुढच्या महिन्यात तुझ्याकडे राहायला यायचं ठरलं होतं. मी येणार नाही. ह्यांना कारण सांगितलंय, मुलींनाही सांगणार आहे. आपल्या घरात ही झाकपाक आता पुरे.

एकच गोष्ट मला हवी आहे. दारात आई माझ्याशी दोन वाक्यं बोलली. शब्द आठवतात, आवाज काही केल्या आठवत नाही. त्या तळघरात शहरातल्या कितीतरी माणसांचे आवाज आहेत. तिचा नाही, मी विचारून आले. तेव्हा तू लिही. आवाज जाड होता की बारीक? भरभर बोलायची, की थांबत थांबत? माझ्यासारखा होता का? एवढंच लिही. माफी वगैरे मागू नकोस, आणि "तू लहान होतीस" हेही लिहू नकोस. मी एकसष्टची आहे.

"तुझी" लिहायला आज हात धजत नाही.

धाकटी