अक्काच्या उसाचा नंबर

कारखाना वसाहत,
जानेवारी १९८७

प्रिय अक्का,

तुझा निरोप पोचला. “कॉम्प्युटर तुझ्याच हातात हाय न्हवं, मग आमचा ऊस सरकव की जरा वर!” आधी लई हसलो, मग हसू आलं नाही. इथं यंत्राला थंडगार खोली आहे आणि आमच्या साहेबांना नुसता पंखा, एवढाच काय तो माझा थाट.

यंदा संचालकांनी ठरवलंय, ज्याची विहीर आधी आटली त्याच्या उसाला तोड आधी. रोज नव्या विहिरी आटतात, रोज काही फड तुटून जातात. हा क्रम यंत्रात ठेवायच्या तीन रीती मी ताडून पाहिल्या. पहिलीत नावं येतील तशी टाकायची आणि दर तोडीला सगळी चाळायची. दुसरीत ओळ कायम सरळ ठेवायची; पण एक नवा आला की पंगतीत उशिरा आलेल्या व्याह्याला बसवावं तसं सगळ्यांनी ताट उचलून सरकायचं. तिसरी उतरंडीची. प्रत्येकाच्या खाली दोघं, आणि वरच्याची नड त्या दोघांहून जास्त, एवढंच बघायचं. नवा आला तर फक्त आपल्या वरच्याशी ताडत चढतो. एका गावापुरती पहिली रीतही चालते. सगळे सभासद घातले तर पहिल्या दोन्ही चहा पिऊन आलो तरी चालूच होत्या, आणि उतरंडीचं काम कप हातात यायच्या आत उरकलं. साहेब खूश.

पण अक्का, तिन्ही रीतींनी पहिला येतो तो एकच, आणि तू तिन्हींत तळालाच. कारण कारखान्याचा स्लिपबॉय, तो उसाच्या नोंदी घेणारा पोरगा, विहिरी नोंदवायला आला तेव्हा दाजींनी ठणकावून सांगितलं, “विहीर तुडुंब हाय!” शालनच्या सोयरिकीची बोलणी चाललीत, कोरड्या विहिरीच्या घरची मुलगी कोण करणार, ही त्यांची धास्ती. दिवाळीत मीच पोहरा सोडला होता. चिखल आला वर.

तरी राहवेना म्हणून चाचणीच्या यादीत तुला वर चढवून पाहिलं. सरळ ओळीत सगळे एकेक जागा सरकतात, कुणाचं काही कळत नाही. उतरंडीत मात्र ज्याची जागा घ्यायची त्याचं नाव समोर येतं. शेवटचं, सगळ्यांत वरचं नाव बानूबाईचं होतं; तिची विहीर सगळ्यांच्या आधी आटलेली. तिच्या उसाची आता वैरणच व्हायची राहिलीय. मला ते जमलं नाही, अक्का. वाईट वाटलं, पण जमलं नाही.

म्हणून हे पत्र. सोमवारी स्लिपबॉय पुन्हा तुमच्या ईट गावच्या शिवारात येतोय. अर्धं रान तुझ्या नावावर आहे, तूही सभासद आहेस. दाजींच्या मागं उभी राहू नकोस. त्याला विहिरीवर ने आणि कोरडी आहे म्हणून तोंडानं सांग. दाजी भडकतील, माझ्यावर ढकल. सोयरे फिरले तर फिरू देत, पोरगी काय पाण्याबरोबर देतोय आपण? तू बोललीस की तुझं नाव मी माझ्या हातानं घालीन, आणि जिथवर चढेल तिथवर ते तुझंच असेल.

तुझाच,
गोरोबा