सहीनंतर दिसलेले तळवे

बाबा, तुम्ही जाऊन अकरा वर्षं झाली. काल मी मॅजिस्ट्रेटसमोर जबाब देऊन आले. घरात कुणाशी बोलले नाही, म्हणून तुम्हाला लिहिते आहे.

तुम्ही शाळेत शिकवत होतात तेव्हा पंच म्हणून पोलिसांनी तुम्हाला सरकारी दवाखान्यात नेलं होतं. चोरीच्या संशयावरून उचललेला एक ट्रक ड्रायव्हर कोठडीत मेला होता. अंगावर मारहाणीच्या खुणा नाहीत, असं कागदावर आधीच लिहिलेलं होतं. चादर छातीपर्यंतच काढली. तुम्ही सही केलीत. मग प्रेत उचलताना चादर सरकली आणि पायांचे सुजलेले, काळेनिळे तळवे दिसले. तुम्ही गप्प घरी आलात.

खटला उभा राहायला तीन वर्षं गेली. तोवर माझं नाव पोलीस भरतीच्या यादीत आलेलं. साक्षीच्या आदल्या दिवशी तुम्ही चुलीजवळ जेवताय आणि मी ओरडतेय, "सही तर केली ना तुम्ही! आता कायले बोलता?" तुम्ही भाकरीचा तुकडा ताटात ठेवलात. "ते सही खोटी हाय हे मले माहीत हाय. त्याच्या बायकोले माहीत नाही."

यवतमाळच्या कोर्टात तुम्ही सांगितलंत, "साहेब, मी सही पहिले केली, तळवे मागून पाह्यले." आरोपींचा वकील हसला. मास्तर होऊन न पाहता सही? "चुकलंच माहं," तुम्ही म्हणालात. दोन शिपायांना शिक्षा झाली. ठाणेदार त्या वेळी ठाण्यात होता हे सिद्ध झालं नाही. पुढे त्याला बढती मिळाली. माझी भरतीही काही अडली नाही. बाहेर ड्रायव्हरची बायको भेटली. ती आभार मानेल असं मला वाटलं. ती एवढंच म्हणाली, "गुरुजी, तवाच काहून नाही बोलले?"  

गेल्या महिन्यात माझ्या ठाण्याच्या कोठडीत एक माणूस मेला. भर दुपारी, मी ड्युटीवर असताना. माझा जबाब टाईप करून आणला होता: आवाज ऐकू आला नाही. "मॅडम, फक्त सही." मी केली नाही. कोण आत गेलं, किती वेळ होतं, तो माणूस काय ओरडत होता, सगळं काल सांगितलं. आता बदली होईल, होऊ दे.

एक गोष्ट मात्र सांगितली नाही. तो ओरडत होता तेव्हा मी खुर्चीवरून उठले होते. कोठडीकडचं मधलं दार लावून घ्यायला.