फांदीखालची चार अंडी

कोसगोल्ल, शनिवार, १४ जून

चि. सुदूबंडा यास थोरल्या भावाचे आशीर्वाद.

अम्माचा गुडघा आता बरा आहे. वेलचीला फुलोरा चांगला आलाय. कँडी शहरातल्या खोलीत तुला पाणी वेळेवर येतं ना?

पेपरातला तुझा फोटो अम्माने भिंतीला लावला. खाली छापलंय, ‘नाकावर पान असलेला हा सरडा तीन इंच लांब.’ शेपटी धरून की सोडून? सोडून तीन, धरून पावणेआठ. बावीस वर्षं मोजतोय मी. तुला पहिला सरडा मीच दाखवला; तू त्याला वाळकं पान म्हणालास. विद्यापीठातल्या बाई आल्या त्या दिवशी मात्र सगळं तुला विचारत होत्या. मला म्हणाल्या, “मामा, चहा मिळेल का?” दिला.

मादीने अंडी पुरली त्या जागेवर तू फांदी अडकवून गेलास. देवाला वाहिलेली फांदी आपल्याकडे कुणी काढत नाही, तिच्याखाली कुदळ मारत नाही. युक्ती चांगली होती. मला सुचली नव्हती.

बुधवारी वेलचीत खणणी होती. पाहतो तर मजूर बायकांतली रनमेणिका नेमकी तिथेच खणतेय. मी ओरडलो.

“आता सांगता होय!” ती म्हणाली. “परवा इथं फांदी होती, आज नाही. देवच उठून गेला, मी कशाला थांबू?”

बायका हसल्या.

सुदू, मंगळवारी ती फांदी मी काढली. बाईंसमोर तुला जागा सापडू नये, तू गोंधळावंस आणि मग मी बोट दाखवावं, एवढंच मनात होतं. तुम्ही येत्या गुरुवारी येणार, बायका त्या उतारावर त्यानंतरच पोचतील, असा माझा हिशेब होता.

चारांतली दोन फुटली. उरलेली दोन मी चार बोटं खोल पुन्हा पुरली, वर नवी फांदी अडकवली. पण अंडं उलटलं तर आतला जीव मरतो, हे तुला मीच शिकवलेलं. ती गडगडली होती. कोणती बाजू वर होती, मला ठाऊक नाही.

ठरल्याप्रमाणे गुरुवारी बाईंना घेऊन ये. जागा तू दाखव. फांदीचं मी सांगेन. “जाऊ दे, दादा,” असं मध्ये म्हणू नकोस.

पत्राखाली ‘तुझं भलं चिंतणारा’ असं लिहितात. आज ते लिहवत नाही.

तुझा थोरला भाऊ,
मुदियान्से